पिल्लाची सातवी बाग

आमच्या घरात कुणी कुणाला ‘नाही’ म्हणत नसे. आरडाओरडा नाही, मारझोड नाही, दार आपटणं नाही. काहीही मागा, अण्णा मान हलवायचे, चष्मा पुसायचे आणि अगदी प्रेमाने म्हणायचे, “बघू.” कॉलनीतल्या बायका आईला म्हणायच्या, तुमचे मालक किती गरीब हो. गरीबच होते. पण त्या ‘बघू’च्या पलीकडे काय असतं ते मी तरी कधी पाहिलं नव्हतं. ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं, रुसता येतं, उपाशी राहता येतं. ‘बघू’ म्हणणाऱ्याशी काय करायचं? वाट बघायची. तेच मी त्या उन्हाळ्यात करत होते.

बारावीचा निकाल लागला होता आणि मार्क चांगले होते. कॉलेजच्या यादीत नाव लागलं होतं, बी.एस्सी.साठी. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिटी बस बदलून जावं लागायचं, आणि प्रवेश घ्यायला पालकांबरोबर जायचं होतं. मी अण्णांना रोज विचारायचे. पहिली पाळी असली की दुपारी ते वाळूजच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने यायचे, अंगाला ऑइलचा वास, हातपाय धुऊन कूलरसमोर बसायचे. मी पाणी द्यायचे आणि विचारायचे. “बघू ना बाई,” ते म्हणायचे, “घाई कशाची हाय?” माझा मोठा भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्याच्या वेळी घाई कशाची ते सगळ्यांना कळलं होतं.

खरा निर्णय गंगापूरला व्हायचा, मोठ्या बापूंकडे. मोठे बापू म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. शेती तेच बघायचे, आणि आमच्या घरात ज्वारी, डाळ आणि मतं त्यांच्याकडूनच यायची. त्यांचंही बोलणं गोडच. मला ‘माझी लक्ष्मी’ म्हणायचे. लक्ष्मीने सिटी बसमधून हिंडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि चितेगावला एका कंपनीत सुपरवायझर असलेला, घरी ऊस आणि ट्रॅक्टर असलेला एक मुलगा त्यांनी मनात धरून ठेवला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण बाजारात जायचं म्हटलं की आई बरोबर, मैत्रिणीकडे जायचं म्हटलं की “तिलाच बोलाव की इकडं”, आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तरी खालून हाक. सिडकोचं आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, आणि त्या दोन खोल्यांत मी दिवसभर येरझाऱ्या घालायचे. नळाला पाणी यायच्या दिवशी तेवढी धावपळ. बाकी दुपार नुसती अंगावर यायची.

मी कंटाळले, चिडचिड करायला लागले, तेव्हा अण्णांनी मला टीव्हीचा गेम आणून दिला. कॉलेज मागितलं होतं, गेम मिळाला. कंपनीत त्यांच्याच लाइनवर काम करणारे अन्सारभाई म्हणून होते, त्यांच्या मुलांचा जुना झालेला. अन्सारभाई स्वतः येऊन जोडून गेले. वायरी मागे खोचल्या, टीव्हीवरच्या मुंग्या जाईपर्यंत चॅनेलचं बटण फिरवत बसले, पिवळी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, परत बसवली. आईने दारातून पदर सावरत विचारलं, “अवघड असतंय का हो?” ते हसले. “कुछ नई भाभी, बच्चों का खेल है. सीख जाते.” अण्णाही खूश होते. पोरीचा वेळ जाईल, ऊन लागायचं नाही, घराबाहेर जायचं कारण नाही. इतक्या मायेने मला कुणी त्याआधी कोंडलं नव्हतं.

कॅसेटवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर जन्मभर पुरतील एवढे गेम होते. प्रत्यक्षात दहा-बाराच, नावं बदलून पुन्हा पुन्हा. त्यात रणगाडे होते, बंदुका होत्या, काळे मुखवटे घातलेली माणसं होती. ते सगळे मी दोनचार दिवसांत संपवले. आणि मग एक होता कोंबडीच्या पिल्लाचा. पिवळंधमक गोल पिल्लू, पायात लाल बूट, निळं आभाळ, हसरे ढग, माना डोलावणारी फुलं, पापण्या लावलेले किडे. बालवाडीच्या भिंतीवर असतं ना, तसं सगळं. मागे टुणटुण संगीत. नाव जपानी की चिनी अक्षरांत होतं, आम्हाला काय कळणार. आम्ही ‘पिल्लू’ म्हणायचो. पिल्लाने बागेमागून बाग ओलांडायची, एवढंच. मी म्हटलं हा तर हातचा मळ आहे, आणि पहिल्याच बागेत तीनदा मेले.

ते फूल डोलत असतं, आपल्याकडे बघून हसत असतं, आणि आपण शेजारून गेलो की मागून तोंड उघडतं. ढग बसायला पाठ देतो आणि मध्येच विरघळतो. पिल्लाचे बूट गुळगुळीत, थांबवलं तरी ते थोडं पुढे घसरतं, आणि नेमकं तिथेच खड्डा. सगळ्यात वाईट म्हणजे पेरू. रस्त्यात लालचुटुक पेरू ठेवलेले असायचे, खाल्ले की गुण वाढायचे, पण ज्या पेरूसाठी उडी मारावी तो हमखास अशा जागी की परतीची वाटच नाही. आणि मेल्यावर रक्त नाही, किंचाळी नाही. पिल्लू गोल गिरकी घ्यायचं, ‘टुई’ म्हणायचं आणि डोक्याभोवती चांदण्या फिरवत खाली बसायचं. संगीत तसंच आनंदात. तीन पिल्लं संपली की पुन्हा पहिली बाग. गेम मध्येच बंद करून उद्या तिथूनच पुढे जाऊ म्हणायची सोय नाही. परवा माझ्या मुलाने त्याच्या फोनवर असले जुने गेम दाखवले, दिसायला गोंडस आणि खेळायला जीवघेणे म्हणून हल्लीची मुलं मुद्दाम शोधून खेळतात म्हणे. “पण आता कुठेही सेव्ह करता येतं, आई,” तो म्हणाला. मी म्हटलं, मग त्यात जीवघेणं काय राहिलं?

आई सुरुवातीला बघायची नाही. ती मागे बसून ज्वारी निवडायची, येसराचा मसाला भाजायची. त्या खमंग धुराने कूलरचं वारंसुद्धा तिखट व्हायचं. पण स्वयंपाकघराचं दार आणि टीव्ही समोरासमोर. एकदा मी तिसऱ्या बागेत त्याच त्या फुलाशी मरत होते, आणि मागून तिचा आवाज आला, “थांब. आता नगं. आता नगं. आता!” मी उडी मारली आणि पार झाले. मी वळून बघितलं तर ती सूप मांडीवर घेऊन टीव्हीकडे टक लावून बसली होती. “तुला कसं कळलं?” “ते मेलं दोनदा डोलतंय अन् एकदा दम घेतंय,” आई म्हणाली. “तू त्याच्या तोंडाकडं बघायलीस. तोंडाकडं नाय बघायचं, देठाकडं बघायचं.” मग थोड्या वेळाने हात पदराला पुसत ती जवळ आली आणि लाजत म्हणाली, “दे बरं जरा.”

त्या दिवसापासून गेम माझा राहिला नाही. आई जमिनीवर एक गुडघा उभा करून बसायची, चुलीपुढे बसतात तशी. पिल्लाने उडी मारली की तिचे खांदे उडायचे. फुलाने खाल्लं की ती म्हणायची, “मुडदा बशिवला तुजा,” आणि पिल्लाला म्हणायची, “ऊठ बाळा, ऊठ.” तिच्या अंगठ्याला फोड आला, तो तिने अण्णांना ‘तव्याचा चटका’ म्हणून सांगितला. दुपारच्या जेवणाला आमटी-भाकरीऐवजी मुरमुऱ्याचा सुशिला व्हायला लागला, कारण तो पटकन होतो. अण्णांच्या पाळीवर आमचं वेळापत्रक बसलेलं: पहिली पाळी असली की सकाळपासून दुपारपर्यंत, दुसरी असली की ते गेल्यावर. कंपनीच्या बसचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला की कॅसेट बाहेर, टीव्हीवर विणलेलं कव्हर, आई ओट्याशी. माझ्या आईला मी तोपर्यंत कधी चोरून काही करताना बघितलं नव्हतं. तिला ते छान जमायचं.

एकदा पंख्याखाली दोघी आडव्या पडलो होतो, लाइट गेली होती, पाचव्या बागेत जाऊन सगळं पाण्यात गेलं होतं. त्या दिवसांत दुपारची लाइट रोज जायची आणि पिल्लू कधी पाचव्या, कधी सहाव्या बागेत असताना जायची. मी वैतागून म्हटलं, ते रणगाड्यांचे गेम किती सोपे, आणि हे एवढंसं पिल्लू. आई वर बघत म्हणाली, “रणगाडा दिसला की माणूस सावध ऱ्हातंय. हे हसतंय ना, म्हून अवघड हाय.” मग म्हणाली, “माजे वडीलबी लई हसरे होते. मी सातवी पास झाले तवा मला म्हणले, पुढच्या शाळेचं बघू. मी दप्तर भरून ठेवलं होतं. दिवाळीपस्तोर बघत होते मी.” दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. हे तिने मला पहिल्यांदाच सांगितलं, तेही पुराव्यासारखं नाही, आपलं असंच, घाम पुसता पुसता. मला तेव्हा रडू आलं. ती म्हणाली, “रडतीस कशाला? लाइट आली का बघ.”

आणि मग तो रविवार. मोठ्या बापूंचा निरोप आला होता की चितेगावच्या त्या मुलाची मंडळी मुलगी बघायला येतील, संध्याकाळी पाचला. अण्णांनी मला सांगितलं ते असं: “नुसते बघून जातील. बघायला काय जातंय?” कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस सोमवार होता. मी म्हटलं, अण्णा, उद्या शेवटचा दिवस आहे. “हे एवढं पार पडू दे, मग बघू.” मला कळत होतं की आमच्याकडे नुसतं बघून कुणी जात नाही. पसंत पडली की तिथल्या तिथे मुलीला कुंकू लावायचं, ओटी भरायची, आणि त्या कुंकवानंतर नाही म्हणायची सोय नसते; मोडलं तर मुलीचंच नाव खराब. माझ्या दोन चुलतबहिणींना नुसतं बघायला आलेले लोक संध्याकाळी जेवून, तारीख काढून गेले होते. मी आईला म्हटलं, मी बाथरूममध्ये कोंडून घेते. आई पोह्यांसाठी कांदे चिरत होती. तिने मान वर केली नाही. “काही करू नगस,” एवढंच म्हणाली. मला तिचा फार राग आला.

रविवारी कंपन्या बंद म्हणून लाइट सहसा जायची नाही, पण अण्णा घरी, म्हणून आमचा खेळ बंद. त्या रविवारी मात्र अण्णा दुपारी इमरती आणायला गुलमंडीला निघाले. झाडून, पुसून, चादरी बदलून झालं होतं. पाचला अजून अवकाश होता. सकाळीही ते न्हाव्याकडे आणि भाजीला बाहेर होते तेव्हा आईने गेम लावला होता, आणि मग टीव्हीवर कव्हर टाकून तो तसाच मधे थांबवून ठेवला होता, बंद न करता. अण्णा बाहेर पडले आणि आईने कव्हर काढलं. मी आतल्या खोलीत जांभळी साडी नेसत होते, रडत रडत निऱ्या घालत होते, आणि बैठकीतून टुणटुण ऐकू येत होतं. माझ्या जन्माचं काय होणार त्याची घटका भरत आली होती आणि माझी आई पिल्लू खेळत होती. मग ती ओरडली, “नंदे, सातवी! सातवी बाग!” मी पिना तोंडात धरून धावत गेले. सातवी बाग आम्ही कधी पाहिलीच नव्हती. तिथे रात्र होती, आभाळात चंद्र, आणि फुलं मिटलेली. आईची तीनही पिल्लं शिल्लक होती.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

पाचच्या सुमाराला राहुकाळ होता. रविवारचा तो संध्याकाळीच असतो हे गंगापुरात सकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि शुभ कामाला राहुकाळ नको म्हणून मंडळी तीनलाच येऊन ठेपली. आमच्याकडे फोन नव्हता, निरोप कसा देणार? मोठे बापू पुढे, मागे मुलाची आत्या, मुलगा, आणखी दोघं. आईने पिल्लू जागच्या जागी थांबवलं, टीव्हीवर कव्हर ओढलं, पदर डोक्यावर घेतला आणि “या, या” म्हणत दारात गेली. हे सगळं एका दमात. अण्णा घरात नव्हते याचं मोठ्या बापूंना वाईट वाटलं, पण राहुकाळ लागायच्या आधी उरकायचं म्हणून त्यांनी सुरुवात करून टाकली.

मी पोह्यांचं ताट घेऊन गेले. वाकले, बसले. मंडळी खरोखर चांगली होती, हे मी आजही सांगेन. आत्याबाईंनी माझा हात हातात घेतला. “लई गोड हाय पोरगी. आमच्यात लेकीसारखी ऱ्हाशील बरं का, काय कमी पडू द्यायचो नाय.” मुलगा गालफुगा, हसरा, मान खाली घालून पोहे खात होता. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, “मला पुढे शिकायचंय.” सगळेच हसले, प्रेमाने. “शीक की!” आत्याबाई म्हणाल्या. “आमची कुठं ना हाय? शिकवू की लग्नानंतर. बघू.” मोठे बापूही म्हणाले, “शिक्षण तर पायजेच आजकाल. त्याला कोण नगं म्हणतंय?” कुणीच नाही म्हणत नव्हतं. त्या खोलीत सगळे माझ्याच बाजूचे होते आणि मला बाहेर पडायला जागा नव्हती. आत्याबाई आईला म्हणाल्या, “ताई, कुंकवाचा करंडा आणा.”

आई करंडा आणायला आत गेली. तेवढ्यात मुलाला कव्हराच्या जाळीतून निळा उजेड दिसला. त्याने कडेने उचलून बघितलं. “अरे, गेम लावलाय!” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. “पोरीची जात, अजून खेळ संपंना,” मोठे बापू कौतुकाने म्हणाले. मुलाने कव्हर दूर केलं, गेमचा रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं. टुणटुण सुरू झालं. “हे तर बारक्या पोरांचं,” तो म्हणाला. “सोपं असतंय हे.” पिल्लू चार पावलं चाललं, मिटलेलं फूल उघडलं, टुई. एक पिल्लू गेलं. तो हसला, पुन्हा चालवलं. वरती पेरू होता. त्याने पेरूसाठी उडी मारली. मी डोळे मिटले. टुई.

आई करंडा घेऊन दारात उभी होती. तिचं तोंड मी कधी विसरणार नाही. पाहुण्यांसमोर जी बाई डोक्यावरचा पदर घसरू द्यायची नाही, तिने करंडा टीव्हीशेजारच्या कपाटावर ठेवला, पुढे आली आणि होऊ घातलेल्या जावयाच्या हातातून रिमोट काढून घेतला. “द्या इकडं,” ती म्हणाली. “शेवटचं हाय ते.” आणि गुडघा उभा करून खाली बसली.

आई खेळत होती. पदर खांद्यावर आला, तिला पत्ता नाही. सातव्या बागेतली फुलं अंधारात डोलत नव्हती, देठाकडे बघायचीही सोय नव्हती. आई त्यांच्यापुढे पिल्लू थांबवायची, कान देऊन ऐकायची आणि उडी मारायची. पेरू आला की सोडून द्यायची. मी कधी खाली तिच्याशेजारी बसले मला कळलं नाही. मुलगाही पुढे सरकला होता. आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली होती आणि त्याच सगळ्यात आधी ओरडल्या, “अवो, मागनं! मागनं आलं!” आईने बघितलंसुद्धा नाही, नुसती सरकली. त्याच वेळी अण्णा इमरतीची पुडी घेऊन दारात आले. घामाने निथळत, चपला पायात, तसेच उभे राहिले.

शेवटी एक फाटक होतं. पिल्लू त्यातून गेलं. पडदा पांढरा झाला, मोठ्यांदा संगीत वाजलं, आणि मुलाने टाळ्या वाजवल्या. आई पुढे झुकून बघत होती. मग पडद्यावर निळं आभाळ आलं, हसरे ढग आले, डोलणारी फुलं आली, आणि लाल बूट घातलेलं पिल्लू पहिल्या बागेत उभं होतं. फुलं आता आधीपेक्षा भराभर डोलत होती. बाकी सगळं तेच.

“म्हंजी?” आत्याबाई म्हणाल्या. “परत पयल्यापसनं?”

आईने रिमोट खाली ठेवला. ती रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. मला वाटलं आता सगळं संपलं, ही पाहुण्यांपुढे गेमसाठी रडते आहे. तिने पदराने तोंड पुसलं, उठून उभी राहिली आणि दारातल्या अण्णांना म्हणाली, “अवो, उद्या हिचं कॉलेजात नाव घालायचं का नाय?”

अण्णा गांगरले. “अगं, पाहुणे बसलेत. बघू आपण...”

“बघू नगा म्हणू,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “हे सगळे बसलेत. आत्याबाई म्हणल्या शिकवू. बापू म्हणले शिक्षण पायजे. समद्यांनी हो म्हणलंय. तुम्ही येकटेच ऱ्हायलात. घालायचं म्हणा, नायतर नाय घालायचं म्हणा. काय ते एक म्हणा. म्या लई वाट बघितली.”

खोलीत टुणटुण चालूच होतं. कुणी बंद करायला उठलं नाही. अण्णांनी मोठ्या बापूंकडे बघितलं. बापूंनी आत्याबाईंकडे. पण सगळ्यांनीच आत्ताच गोड बोलून ठेवलं होतं, शिक्षणाला कुणाची ना नव्हती, आता कोणत्या तोंडाने ना म्हणणार? अण्णांची ती अवस्था बघवत नव्हती. आयुष्यात त्यांना कुणी हो की नाही विचारलंच नसावं. त्यांनी हातातली पुडी या हातातून त्या हातात घेतली. “घाला,” ते म्हणाले. मग खाकरून पुन्हा म्हणाले, “घाला नाव.”

करंडा कपाटावरच राहिला. मंडळींनी इमरती खाल्ली, चहा घेतला. “कळवतो,” म्हणाले, आणि राहुकाळ लागायच्या आत जीपमध्ये बसले. ते कधी कळवणार नाहीत हे सगळ्यांना कळलं होतं. मुलगा जाताना आईला म्हणाला, “काकू, भारी खेळता तुम्ही.” वाईट नव्हता बिचारा. मोठे बापू फाटकाशी अण्णांना म्हणाले, “तिला दाखव कुणाला तरी. डोक्यावर परिणाम झालाय.” हे मी ऐकलं, आईनेही ऐकलं. पुढे गंगापूरला प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ही गोष्ट सांगितली गेली, आणि आई समोर असली की बायका दबक्या आवाजात सांगायच्या. आईला त्याचं काही वाटत नसे असं मी म्हणणार नाही. वाटत असे. ती समारंभांना जाईनाशी झाली.

सोमवारी अण्णा पहिल्या पाळीला गेले. आई आणि मी दोन बस बदलून कॉलेजात गेलो. आई खिडकीच्या बाजूला बसली आणि क्रांती चौक येईपर्यंत बाहेर बघत राहिली. रांगेत उभी राहिली, पालकांच्या सहीच्या जागी सही केली, सातवीतलं अक्षर, एकेक काना जपून काढलेला. मी तिच्याकडे बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की पोटात दुखत होतं.

घरी येऊन बघतो तर टीव्हीखाली गेम नव्हता. अण्णांनी तो सकाळी पिशवीत घालून नेला होता, अन्सारभाईंना परत. त्यावर ते काही बोलले नाहीत, आईही बोलली नाही. आमच्या घरात भांडण नव्हतंच कधी. कव्हर धुऊन, इस्त्री करून पुन्हा टीव्हीवर घातलं गेलं.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले ती बोलतच आले. प्रयोगशाळेचा वास, दक्षिणेकडच्या एका बाईंचं इंग्रजी, वसमतची एक मुलगी, कॅन्टीनचा समोसा. आई ओट्याशी पीठ मळत होती आणि मी फ्रीजला टेकून बोलत होते. ती मध्ये मध्ये “व्हय?” म्हणायची, हसायची. अण्णा बाहेरून आले, हातपाय धुवायला मोरीत गेले. मी श्वास घ्यायला थांबले.

“उद्याबी जायचं?” आईने विचारलं.

“उद्याही. आता रोजच.”

“रोज,” आई म्हणाली. तिने भाकरी थापली, फिरवली, थापली. तव्यावर टाकून पाणी फिरवलं. मग हात तसाच वर धरून माझ्याकडे वळली, आणि खरोखर माहीत नाही म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, “मग मी दुपारभर काय करू गं?”

मी तिच्याकडे बघत राहिले. त्या घरातल्या दुपारी मी एक उन्हाळाभर सोसल्या होत्या आणि मला जीव नकोसा झाला होता. ती त्यांत लग्न झाल्यापासून होती, आणि पुढेही राहणार होती. अण्णा तोंड पुसत आत आले. आईने भाकरी उलटली, पाट मांडला आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.